चार बोटं वर

खर्रकन आवाज झाला आणि पेरणी यंत्राच्या मागून चालणाऱ्या नानांनी डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा पाटाच्या नव्या सिमेंटच्या भिंतीचा तळहाताएवढा टवका पाण्यात पडला होता आणि यंत्राचे मागचे फण भिंतीवर दात रोवून बसले होते.

"थांब! थांब गं सूनबाई!"

सून थांबलीच होती. तिने मान वळवून मागे पाहिलं. नानांच्या चेहऱ्याकडे नाही, फणांकडे. मग गिअर बदलून तिने ट्रॅक्टर मुंगीच्या पावलाने मागे घेतला. चाकं फरशीवर चढली, यंत्र त्यांच्याबरोबर वर आलं आणि फण अलगद सुटले.

खालच्या रानाला जायची ही एकच वाट. दुसरी ओढ्यातून, तिथे गुडघाभर गाळ. पूर्वी इथे मातीचा पाट होता, ट्रॅक्टर त्यावरून मांजरासारखा निघून जायचा. यंदा उन्हाळ्यात पाट सिमेंटचा झाला. दोन्ही अंगांना भिंती आल्या आणि मधे गाडीवाटेपुरती फरशी टाकली गेली. ट्रॅक्टर फरशीवर चढे, पलीकडे उतरे. पण त्याची मागची चाकं पलीकडे उतरली की मागे लटकलेलं यंत्र नेमकं भिंतीवर येई. यंत्र फरशीहून रुंद. चाकं खाली गेली की तेही खाली. फण भिंतीला घासणार नाहीत तर काय करतील?

पाटाच्या पाण्याची पाळी लावणारा पाटकरी तेवढ्यात सायकल ढकलत आलाच. खांद्यावर फावडं, तोंडात काडी. टवका पाहून त्याने काडी थुंकली.

"नाना, हे काय? सिमेंट वाळून सहा महिने झाले नाहीत अजून."

"चुकून झालं रे."

"चुकून कसलं? बाईच्या हातात दिलं की असंच व्हायचं. यंत्र वर उचलून आणायचं असतं म्हणावं."

"पूर्ण वर उचललेलंच आहे," सून सीटवरून म्हणाली. "लिव्हर शेवटपर्यंत ओढलाय."

पाटकऱ्याने तिच्याकडे बघायला मानही वर केली नाही. जणू इंजिनच काहीतरी बोललं होतं. "नाना, तुमच्याकडे बघून आज सोडतो. भिंत आत्ताच्या आत्ता लिंपून द्या. आणि पुन्हा एक जरी टवका निघाला ना, तर फरशीवर दगड रचून वाट बंद करीन. मग बोलू नका."

सासरा-सुनेने घरून अर्धी पाटी सिमेंट आणलं. नानांचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून वाकायला कुरकुरायचा, तरी ते पाटाच्या काठाला गुडघे टेकून बसले आणि थापीने लिंपू लागले. पाटकरी वर उभा राहून पायाच्या अंगठ्याने दाखवत होता. "इथे राहिलं. इथे फुगलं." शेजारच्या रानातली दोन माणसं काम टाकून बघत होती. नानांच्या मानेवरून घाम ओघळून सदऱ्यात जात होता. सून पाण्यात उतरून खालून भिंतीला हात देत होती. मधेच तिने वीत ताणून भिंतीची उंची मोजली. नानांना वाटलं, हिला हे काय सुचतंय आता.

घाई होती ती जमिनीची. उशिराचा पाऊस पडून ऊन लागलं होतं. माती हाताला ओली लागत होती पण पायाला चिकटत नव्हती. असा वाफसा चार-पाच दिवस टिकतो, त्यातला एक आज भिंत लिंपण्यात गेला. वरच्या रानात गहू पेरून झाला होता. खरी जमीन खालची, काळी, खोल. ती पडीक राहिली तर वर्ष लंगडं. आणि यंदा घरातला ड्रायव्हर घरात बसलेला. मुलगा गोठ्याच्या पत्र्यावरून घसरून पडला आणि उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घालून घेऊन आला. ट्रॅक्टर सुनेने हातात घेतला. नवऱ्याने तिला गेल्या वर्षी गुपचूप शिकवलं होतं, हे नानांना तेव्हा कळलं. त्यांनी अडवलं नाही. पण ती ट्रॅक्टरवर बसली की ते मागून चालत आणि दर दहा पावलांना काहीतरी सांगत. डावीकडे घे. हळू. अगं हळू.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर मिस्त्रीकडे नेला. मिस्त्रीचं शेड डांबरी रस्त्याच्या कडेला, चारी बाजूंनी जुन्या टायरांचा ढीग. सुनेने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि काय होतंय ते सांगू लागली. मिस्त्रीने तिची दोन वाक्यं ऐकली आणि नानांकडे वळून विचारलं, "काय होतंय नाना?"

नानांनी तेच पुन्हा सांगितलं.

ट्रॅक्टरच्या मागे दोन लोखंडी दांडे आडवे निघालेले असतात, यंत्र त्यांच्या टोकांना अडकतं. तेलाच्या दाबावर यंत्र उचलणाऱ्या लिफ्टचे दोन आखूड हात वर असतात. ते हात उभ्या दांड्यांनी या आडव्या दांड्यांना उचलतात. उजव्या उभ्या दांड्याला फिरवायची मूठ असते. मिस्त्रीने ती मूठ धरली आणि सहा-सात फेरे दिले. उजवी बाजू वर आली.

"झालं. जा आता."

"डावी बाजू तशीच राहिली की," सून म्हणाली. "यंत्र तिरकं झालं."

मिस्त्रीने हात फडक्याला पुसले. "नाना, सुनेला सांगा, हे शिवणयंत्र नव्हे. ट्रॅक्टर आहे."

शेडमधले सगळे हसले. नानाही हसले. अगदी थोडं, ओठांच्या कडेने, चारचौघांत हसावं लागतं तेवढं. पण हसले. आणि लगेच त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती पाठमोरी होऊन ट्रॅक्टरवर चढत होती.  नानांनी त्या दिवशी मागून "हळू" म्हटलं नाही.

दुपारी पुन्हा पाटावर गेले. पाटकरी फरशीजवळ बसूनच होता, जणू तमाशाला जागा धरून. सुनेने पुढची चाकं फरशीवर चढवली आणि तिथेच ब्रेक दाबला.

"चल की," नाना म्हणाले.

"नाही नाना. डावीकडचे फण लागणार."

"मिस्त्रीने करून दिलंय ना? चल, जाईल."

"नाही जाणार."

पाटकरी गालात हसला. "नाना, ट्रॅक्टर तुमचा का हिचा?"

नानांची कानशिलं तापली. आख्ख्या आयुष्यात घरातल्या बाईने त्यांना परक्यासमोर नाही म्हटलं नव्हतं. "तुला चालवायचा नसेल तर उतर खाली," ते ओरडले.

ती उतरली. ओरडली नाही, रडली नाही. बांधावरची एक काडी मोडून घेतली, कालच्या लिंपलेल्या भिंतीशी उभी धरून भिंतीएवढी तोडली आणि ती काडी नानांच्या हातात दिली. "पलीकडच्या वाटेपासून भिंत एवढी. आता ही फणाखाली धरून बघा. तुमचं तुम्हीच."

नानांना बघायचं नव्हतं. पण काडी हातात होती. उजव्या कडेच्या फणाखाली ती सहज मावली. यंत्राच्या मागून लंगडत ते डाव्या कडेला आले. काडी वाकली. फण तिच्या टोकापेक्षा दोन बोटं खाली होता.

आज ते पाटकऱ्यासमोर भिंत फोडून मोकळे झाले असते. वाट गेली असती. नानांनी काडी टाकून दिली. "मागे घे," एवढंच ते म्हणाले. 

अंगणात ट्रॅक्टर उभा राहिला तसं सुनेने डोक्याला रुमाल बांधला, नवऱ्याचा जुना शर्ट अंगावर चढवला आणि यंत्राच्या मागे मांडी घालून जमिनीवर बसली. नुसती बसली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. नानांची बायको, म्हणजे सगळ्या घराची आई, गहू पाखडता पाखडता म्हणाली, "काय गं, रुसलीस का यंत्रावर?"

"नाही आई, बघतेय. चालवताना हे पाठीमागे असतं, दिसतच नाही."

मग ती उठली. आधी मिस्त्रीने फिरवलेली मूठ उलटी फिरवून तिने यंत्र समपातळीत आणलं. त्यासाठी एका बाटलीत अर्धं पाणी भरून ती यंत्राच्या आडव्या पट्टीवर ठेवली, आणि बाटलीतलं पाणी दोन्हीकडे सारखं होईपर्यंत एकेक फेरा दिला. तिचे वडील दारं-खिडक्या बनवायचे. हे त्यांचं. नानांना एवढं ठाऊक होतं की लग्नात व्याह्यांनी आपल्या हाताने केलेलं कपाट दिलं होतं आणि त्याचं दार अजून एकदाही अडकलं नव्हतं.

तिने यंत्र पूर्ण वर उचललं आणि वितीने मोजलं. "दोन वितींना दोन बोटं कमी उचलतंय. भिंत भरून दोन विती आहे. म्हणजे चार बोटं वर पाहिजे. दोन भिंतीला लागू नये म्हणून, दोन आपल्या जिवाला."

"आणायची कुठून चार बोटं?" मुलगा प्लास्टरचा हात पोटाशी धरून ओट्यावरून म्हणाला.

ती खाली वाकली. उभा दांडा जिथे आडव्या दांड्याला जोडला होता, तिथून वीतभर पुढे, ट्रॅक्टरच्या बाजूला, ग्रीस आणि मातीचा एक घट्ट गोळा बसला होता. तिने खिळ्याने तो उकरला. आत भोक निघालं. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

"पिन इथे लावायची," ती म्हणाली.

नाना म्हणाले, "आहे तिथेच राहू दे. कंपनीने विचार करूनच लावली असेल."

"कंपनीने दोन भोकं पाडली, नाना. एकातच लावून ठेवली ती आपण."

"पण पुढे लावून उंच कसं होणार? उलट टोकापासून लांब गेलं ते."

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि नानांना घराच्या दाराशी नेलं. "दार लोटा. कडीपाशी हात ठेवून."

नानांनी लोटलं. दार हलकं गेलं. हात जेवढा सरकला तेवढीच कड सरकली.

"आता बिजागरीपाशी हात ठेवा. तेवढाच सरकवा."

नानांनी बिजागरीपासून वीतभरावर तळवा टेकवला आणि रेटलं. दार जड लागलं, अंगठा पांढरा पडला. पण हात तेवढाच सरकला आणि दाराची कड सटकन भिंतीपर्यंत गेली. आत चुलीपाशी पडलेलं मांजर उठून पळालं.

नानांनी दार पुन्हा ओढून घेतलं आणि पुन्हा एकदा रेटलं. या दारातून ते पन्नास वर्षं आत-बाहेर करत होते.

"जड जाणार मग लिफ्टला," ते हळूच म्हणाले.

"जाणारच. ते नंतर बघू." तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. समजलेल्या माणसाला बघून येतं तसं.

आता नानांनाही हुरूप आला. यंत्र वर उचललेलंच होतं, इंजिन बंद होतं. ते हातोडा घेऊन सरळ फणांखाली शिरले आणि पिनेकडे हात घातला.

"नाना, हात काढा!"

एवढ्या जोरात ती कधीच ओरडली नव्हती. पाखडणाऱ्या आईच्या हातातलं सूप थांबलं. नाना चिडून बाहेर आले. "अगं, लिफ्टने धरलंय ते!"

"लिफ्ट गळते, नाना." तिने चार लाकडी ठोकळे आणून फणांखाली, पण फणांना न टेकवता ठेवले. "चहा घ्या. मग बघा."

सासूने चहा आणला. नाना फुगूनच बसले, पण डोळा यंत्रावर होता. कप निम्मा झाला तेव्हा ठोकळा आणि फण यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं. कप संपेपर्यंत फण ठोकळ्यावर टेकले आणि लाकूड कुईं करून दबलं. कुणी हात लावला नव्हता. काहीही आवाज आला नव्हता. एवढं सगळं लोखंड आपोआप, निवांत खाली आलं होतं, नेमकं तिथे जिथे थोड्या वेळापूर्वी नानांचा खांदा होता.

नानांनी कप खाली ठेवला. कितीतरी वर्षं ते असेच खाली शिरत आले होते. "कधी कळलं तुला?"

"रोज सकाळी बघते ना. रात्री वर ठेवलेलं असतं, सकाळी खाली बसलेलं."

मग तिने यंत्र जमिनीवर पूर्ण टेकवलं. उभे दांडे ढिले पडले. पण पिना गंजून दांड्यांशी एकजीव झालेल्या. तिने त्यांवर डिझेल सोडलं, तासभर मुरू दिलं. त्यानंतर घण घालायची वेळ आली. एकाने पिनेच्या तोंडावर सळईचा तुकडा धरायचा आणि दुसऱ्याने ठोकायचं. मुलगा उठला तर आईने त्याला डोळ्यांनीच बसवलं.

"मी धरतो," नाना म्हणाले. गुडघा दुमडला नाही म्हणून ते एका कुशीवर आडवेच झाले आणि दोन्ही हातांनी सळई धरली. हातोडा त्यांच्या बोटांपासून चार अंगुळांवर पडणार होता.

"नाना, तुम्ही माझ्याकडे बघू नका. सळईकडे बघा."

ठण्ण. सळईतून झिणझिण्या खांद्यापर्यंत गेल्या. ठण्ण. तिचा श्वास नानांना ऐकू येत होता. मारताना ती दात आवळून थोडी पुढे झुकत असे, आणि हातोडा प्रत्येक वेळी सळईच्या डोक्यावरच येऊन बसत असे, इकडे नाही, तिकडे नाही. वीस घाव झाले, तीस झाले. तिच्या तळहाताचा फोड फुटला, तिने त्यावर रुमालाची पट्टी गुंडाळली आणि पुन्हा उभी राहिली. नानांच्या मनात आलं, आपण हा हातोडा मारला असता तर यातले चार तरी आपल्याच बोटांवर पडले असते. चाळिसाव्या की एकेचाळिसाव्या घावाला पिनेने चिऽक केलं आणि ती केसभर हलली.

"हलली!" नाना आडव्याच अंगाने ओरडले. मूल रांगायला लागल्यावर ओरडावं तसे.

दुसरी पिन निघायला ऊन कलंडलं. तिने दोन्ही पिना घासून, ग्रीस लावून पुढच्या भोकांत बसवल्या, बाहेरून चाप लावले, आणि यंत्र डोलू नये म्हणून बाजूला असतात त्या साखळ्या एकेक कडीने सैल केल्या. वर जाताना त्या ताणून तुटल्या असत्या. मग वरच्या मधल्या दांड्याला, टॉप लिंकला, तीन फेरे आवळले.

"हे कशाला आणखी?" मुलाने विचारलं.

"मागची फणांची रांग थोडी उचलली जाते. पण पलीकडे गेल्यावर हे तीन फेरे सोडायचे हं, लक्षात ठेवा. नाहीतर पुढचे फण खोल जातील आणि मागचे वरवर खरडतील."

"तीन," नाना म्हणाले. "माझ्या लक्षात राहील."

सकाळी बियाणं-खताची पेटी गच्च भरून तिने इंजिन चालू केलं आणि लिव्हर ओढला. लिफ्टने एक किंकाळी फोडली. यंत्र वीतभर उठलं आणि थरथरत तिथेच थांबलं. मुलाचा चेहरा पडला. नानांनी मात्र नुसतं दाराकडे पाहिलं.

"जड झालं," ते म्हणाले.

"हो. बिजागरीपाशी हात आहे ना आता." तिने यंत्र खाली टेकवलं. "पेटी रिकामी करू. रिकामं यंत्र पाट ओलांडेल. बी आणि खत आपण डोक्यावर नेऊ पलीकडे. आणि तिथेही पेटी अर्धीच भरायची. खेपा दुप्पट होतील, पण लिफ्टचा जीव जाणार नाही."

आई सूप ठेवून उठली आणि म्हणाली, "चाळीस वर्षं मी या माणसाला जागचं हलवायला बघतेय, ते काही जमलं नाही. तू यंत्र तरी हलवलंस. चला, द्या माझ्या डोक्यावर एक पोतं."

"पोतं नाही, आई. डबे घ्या. पोत्याने मान जाईल."

मुलाने चांगल्या हातात डबा घेतला. नानांनी अर्धं पोतं पाठीवर घेतलं. पाटाच्या फरशीवरून माणसांची रांग लागली. दर खेपेला नानांचा गुडघा फरशीच्या चढावर कळ देई आणि ते दात खाऊन चढत. पाटकरी सायकलला टेकून बघत होता. चौथ्या खेपेला त्याने विचारलं, "काय नाना, ट्रॅक्टर असून हमाली?" नाना पोतं सावरत पुढे गेले. त्यांना दम होता तेवढा चालायलाच लागत होता.

मग ट्रॅक्टर आला. रिकामं यंत्र, लिव्हर शेवटपर्यंत ओढलेला. यंत्र आज वेगळंच दिसत होतं, शेपटी उभारलेल्या खारीसारखं. फरशीच्या तोंडाशी सून थांबली. उतरून भिंतीशी एकदा, फणांशी एकदा वीत लावून आली. पुन्हा चढली. पहिला गिअर.

पुढची चाकं चढली. पुढची चाकं उतरली. मागची चाकं फरशीवर आली आणि नाना पाटाच्या काठाला पोटावर झोपले. डोळा भिंतीच्या कडेला लावून. आता ते काही सांगत नव्हते. मागची चाकं उतरायला लागली तसं सगळं यंत्र खाली यायला लागलं. फणांची टोकं भिंतीकडे येत होती, येत होती, आणि थांबली. भिंत आणि फण यांच्यामधून नानांना पलीकडच्या रानाची काळी पट्टी दिसत होती. उजवीकडे दिसत होती तेवढीच डावीकडे. एकही फण कमी-जास्त नाही. परवा लिंपलेल्या जागेवरून तर फण असा गेला की सिमेंटवर सावली पडली फक्त.

यंत्र पलीकडे गेलं. नानांना लगेच उठता आलं नाही. पोटाखालची जमीन ओली, गार होती. मुलाने काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

पलीकडे सूनबाई ट्रॅक्टर थांबवून उतरतच होती, तोवर नाना लंगडत जाऊन टॉप लिंकपाशी पोचले. त्यांनी मूठ धरली आणि मोठ्याने मोजत सोडली. "एक. दोन. तीन."

ती बाजूला उभी राहून बघत होती. "बरोबर," ती म्हणाली.

दोन दिवस पेरणी चालली. अर्धी पेटी, पुन्हा अर्धी पेटी. आई आणि मुलगा बांधावरून डबे आणून ओतत. नाना मागून चालत, पण आता त्यांची नजर फण किती खोल जातोय आणि दाणा कुठे पडतोय यावर असे. मधेच एकदा वाकून त्यांनी माती बाजूला केली, दाण्यावर तीन बोटं माती होती. पुढच्या तासाच्या ओळीत उकरलं, तीन बोटं. शेवटच्या तासात उकरलं, तीन. तासही कसे, दोरी धरून आखलेले. नानांनी तारुण्यात या रानात बैलांनी पेरलं होतं आणि गावात त्यांच्या हाताचं नाव होतं. त्यांना आपले ते तास आठवले, आणि खरं सांगायचं तर ते इतके सरळ नव्हते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण स्वतःशी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटच्या कोपऱ्यात यंत्र उचललं गेलं तेव्हा जमीन वरून पांढरी पडायला लागली होती. वाफसा एवढाच होता. एक दिवस उशीर झाला असता तर बी कोरड्यात पडलं असतं.

यंत्राला लागलेला चिखल काढायला नाना खाली बसले, लाकडी ठोकळे ठेवून, आणि फणांच्या बाहेरूनच. सून डिझेलची टाकी बघत होती. पाटकरी फरशीवरून उतरून आला. पेरलेल्या रानावर नजर फिरवली. यंत्राभोवती एक चक्कर मारली. पुढच्या भोकातल्या पिनेकडे बराच वेळ पाहिलं. मग नानांपाशी येऊन उकिडवा बसला.

"नाना, माझ्या मेव्हण्याचं पण असंच होतंय. वरच्या फरशीवर त्याचं यंत्र घासतं. तुमच्या सुनेला म्हणावं, उद्या जरा येऊन..."

"मला काय सांगतोस?" नाना म्हणाले. "ती काय तिथे उभी आहे. तिला विचार."

 पाटकरी उठला. चपलेतून चिखल झटकला, जो तिथे नव्हताच. ट्रॅक्टरच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि मान वर करून बोलला.

"बाई, मेव्हण्याच्या ट्रॅक्टरचं जरा बघाल का?"

"मागे यंत्र कोणतं आहे?"

"रोटाव्हेटर."

"मग पिन पुढे घेऊ नका म्हणावं," ती म्हणाली. "रोटाव्हेटरला इंजिनावर फिरणारा शाफ्ट असतो. एवढा वर उचलला की तो वाकड्यात फिरतो आणि तुटतो. तुटलेला तुकडा माणसाला लागतो. त्याला दुसरं काहीतरी करावं लागेल. मी येऊन आधी मोजते."

"उद्या?"

"उद्या नाही. उद्या मी झोपणार आहे. परवा."

पाटकऱ्याने सवयीने नानांकडे पाहिलं, होकारासाठी.

नाना फणात अडकलेला चिखल काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"परवा येता म्हणता," पाटकरी तिच्याकडे वळून म्हणाला. "बरं. सकाळी सायकल घेऊन न्यायला येतो."

"सायकल कशाला? मी ट्रॅक्टर घेऊन येईन."